तुम्ही त्यांच्या कोण

"हात धू. एकदा नाही, दोनदा. तू एकदा धुतेस आणि दोनदा धुतल्याचं तोंड करतेस." हा वन्संचा आवाज. जरा घोगरा, शेवटच्या शब्दावर खाली आपटणारा, तराजूच्या पारड्यात वजन टाकावं तसा. आता तो फक्त माझ्या कानात उरला आहे, कारण वन्संचा कंठ डॉक्टरांनी काढून टाकला त्याला बरीच वर्षं झाली आणि त्या जागी राहिलं ते गळ्याला एक भोक, भोकात एक वाकडी नळी. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून हे सांगितलं. दुसरी एखादी नणंद अशा वेळी रडली असती, निदान चुकलंमाकलं पोटात घाल म्हणाली असती. वन्संनी हात धुवायला सांगितलं. वर म्हणाल्या, "आणि माझ्याशी गोड बोलू नकोस. उद्यापासून मला उलट बोलता येणार नाही." लसीच्या टेबलापाशी बसले तेव्हाही तो आवाज कानात होता. दारावरच्या माणसाने हातावर औषध ओतलं, मी ते चोळलं आणि पुन्हा हात पुढे केला. तो म्हणाला, "झालं की आत्ताच." मी हात पुढेच ठेवला. खेळाच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती, जमिनीवरच्या पांढऱ्यापिवळ्या रेघांवर खुर्च्या होत्या आणि प्रत्येक खुर्चीत एकेक माणूस शिक्षा झाल्यासारखा सरळ बसला होता. समोरची मुलगी तशी चांगली होती. तिने माझी बाही वर सरकवली, कापूस फिरवला, आणि रोज शेकडो लोकांना विचारायचा प्रश्न मलाही विचारला, "काकू, आधी कधी इंजेक्शनचा, औषधाचा त्रास झालाय? सूज, पुरळ, धाप?" आणि मी म्हणाले, "हो. एकदा इंजेक्शन दिल्यावर ओठ सुजले, श्वास अडकला. ऑक्सिजनवर ठेवलं होतं." म्हणताना मला काहीसुद्धा वाटलं नाही. सवयीने बोलले, स्वच्छ, न अडखळता. मुलीचा हात थांबला. "कधी झालं हे?" "ऑपरेशननंतर." "कशाचं ऑपरेशन?" "घशाचं." तेव्हा तिने माझ्या गळ्याकडे पाहिलं. माझा गळा जागच्या जागी होता, साधा, सुरकुत्या पडलेला, कुणी कधी कापलेला नसलेला. तिच्या त्या नजरेने मी भानावर आले.

काय झालं ते मला कळलं, पण तिला कसं सांगायचं ते कळेना. टेबलापलीकडून कुणी काही विचारलं की मी वन्सं होते. इतकी वर्षं मी हेच केलं आहे. दवाखान्याची खिडकी, औषधाचं दुकान, तपासणीची प्रयोगशाळा, कुठेही कुणी मान वर न करता विचारायचं, वय, रक्तगट, कुठली गोळी चालते, कुठली चालत नाही, पोट साफ होतं का, आणि मी त्यांच्या चाकाच्या खुर्चीमागे उभी राहून उत्तरं द्यायची. सुरुवातीला मी "त्यांना" म्हणत असे. "त्यांना ते इंजेक्शन चालत नाही." मग ते "त्यांना" कधी गळून पडलं ते समजलं नाही. विचारणाऱ्यांना घाई असते, त्यांना शब्द कमी लागतात. माझा स्वतःचा रक्तगट विचाराल तर मला आठवावा लागेल. वन्संचा मी तापात बरळतानाही बरोबर सांगेन.

मुलीने साहेबांना बोलावलं. साहेब म्हणजे त्या हॉलचे मुख्य, गळ्यात ओळखपत्र, मास्क नाकाखाली उतरलेला. मी त्यांना सगळं नीट सांगितलं, आणि इथेच माझं घोडं अडलं, कारण मी नीट सांगते तेव्हा ते हळू सांगते, आणि हळू सांगितलेलं लोकांना खोटं वाटतं. "आत्ता म्हणालात सूज आली." "ती मला नाही. माझ्या नणंदेला." "आणि घशाचं ऑपरेशन?" "त्यांचंच." "मग तुम्ही तिचं कशाला सांगितलं?" "सवयीने." "सवयीने म्हणजे? स्वतःबद्दल विचारलं की दुसऱ्याचं सांगायची सवय आहे तुम्हाला?" मागे कुणीतरी हसलं. साहेबांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी आवाज जरा वर चढवला. "हे बघा बाई, लस नाही म्हटल्यावर शब्द फिरवणारे मी रोज बघतो. उद्या तुम्हाला काही झालं तर मान माझी अडकेल. मोठ्या रुग्णालयात ॲलर्जीचा विभाग आहे. त्यांनी लिहून दिलं तर या." आणि त्यांनी मुलीच्या खांद्यावरून वाकून संगणकात माझ्या नावापुढे वन्संची सूज लिहिली. वन्संचं जेवण, त्यांचा कफ, त्यांचे कपडे, सगळं माझ्याकडे होतं. सूज तेवढी राहिली होती.

मी रोज सकाळी देवापुढे दिवा लावते आणि त्या दिवसापुरता एक नेम धरते. मोठी व्रतं मला झेपत नाहीत, वन्संना टाकून उठता येत नाही. म्हणून दिवसापुरतं. आज खोटं नाही. आज वन्संच्या आधी पाणी नाही. त्या दिवशीचा नेम होता, आज तोंडातून कडू शब्द नाही. वन्संना बोलता येत होतं तेव्हा त्या म्हणायच्या, "देवाचं बरं आहे. त्याला तुझ्याशी बोलावं लागत नाही." आणि मला हाक मारायच्या ती मऊबाई. मऊबाई, चहा. मऊबाई, दार. पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्याकडे मऊबाई आणली आहे, जपून दाबा." तर त्या हॉलमध्ये मऊबाई उभी होती आणि तिच्या पोटात असे काही शब्द उकळत होते की एकेक काढून साहेबांच्या त्या उघड्या नाकावर मारावा. नाक झाका आधी, मग मला खोटारडी म्हणा, असं मला म्हणायचं होतं. पलीकडच्या टेबलाशी एक बाई भांडत होती. तिचा नंबर दुसऱ्या दिवशीचा होता, ते तिला मान्य नव्हतं. तिने साहेबांचा, त्यांच्या वरच्यांचा आणि सगळ्या खात्याचा उद्धार केला, पर्स टेबलावर आपटली, आणि साहेब म्हणाले, "द्या हो तिला आधी, डोकं उठवलंय." तिला मिळाली. माझ्या डोळ्यांदेखत मिळाली. मी तिथे उभी राहून देवाला म्हणाले, बघितलंस? तुला दिलेला शब्द पाळला म्हणून माझी ही गत. देव काही बोलला नाही. तोही मऊ बोलणाऱ्यांपैकीच असावा.

त्या टेबलापर्यंत पोचायला मला काय काय करावं लागलं होतं. आधी लस दवाखान्यातल्या लोकांना होती, मग आजाऱ्यांना सांभाळणाऱ्यांना. ते ऐकून मी कचेरीत गेले. खिडकीतला माणूस म्हणाला, "संस्था कुठली?" म्हटलं, "घर." "घर नावाची संस्था आहे?" "नाही, घर म्हणजे घरच." "पगार कोण देतं?" "कुणी नाही." "मग तुम्ही कामाला नाही." तो हे रागाने म्हणाला नाही, समजावून सांगितल्यासारखं म्हणाला. "आजारी माणूस तुमचं कोण?" "नणंद." "मिस्टर?" "गेले." "मग आता तुम्ही त्यांच्या कोण?" मी म्हणाले, "भावजय." त्याने असं पाहिलं की भाऊ गेला म्हणजे भावजयही संपली, ही मागे कशी उरली. आमच्याकडे संस्थेतून सकाळी एक बाई येते, दोन तास, तेवढ्यात मी बाहेरची कामं उरकते. तिला लस कधीच मिळाली होती. ओळखपत्र दाखवलं आणि मिळाली. दंडावरची पट्टी मला दाखवून म्हणाली, "काकू, तुम्ही घरच्या ना. घरच्यांना कोण विचारतं." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तरी मी त्या दिवशी तिला चहा करताना साखर घातली नाही, आणि तिने तो न बोलता प्यायला, त्यामुळे माझा राग आणखी वाढला. पुढे नियम बदलला, डॉक्टरांचं पत्र असेल तर घरच्यांनाही मिळेल असं झालं. आमच्या डॉक्टरांनी पत्र दिलं. फोनवर म्हणाले, "वन्संना ही लस देता येणार नाही, त्यांची ती जुनी सूज बघता मी धोका पत्करणार नाही. आणि त्यांचा श्वास नाकातून जात नाही, थेट नळीतून आत जातो. घरात कुणी शिंकलं तर मध्ये अडवायला काही नाही. तुम्ही घ्या. तुम्ही घेतली की त्यांना घेतल्यासारखंच आहे." तेही त्यांना वन्संच म्हणतात, माझ्या तोंडून ऐकून ऐकून. मी ते पत्र घेऊन निघाले तेव्हा मला अभिमान वाटला होता हे खरं आहे. एक कागद प्रथमच म्हणत होता की मी काहीतरी करते.

साहेबांनी मला बाजूच्या खुर्चीत बसायला सांगितलं, रुग्णालयाची चिठ्ठी मिळेपर्यंत. शेजारच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ होते, बस चालवून निवृत्त झालेले. हे त्यांनीच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. मला कुणाशी बोलायचं नव्हतं. "मीही घरचाच," ते म्हणाले. "बायको आहे. तिला काही आठवत नाही. आधी गाडीभर प्रवासी असायचे, आता एकच आहे, आणि तिला सारखं उतरायचं असतं." ते स्वतःच हसले. मी मान हलवली. त्यांची लस संपली होती, म्हणजे त्यांच्या आधीच्या माणसापर्यंत पुरली आणि बाटली रिकामी झाली, उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा, असं सांगितलं होतं. ते उठत नव्हते. "उद्या परत कुलूप लावावं लागणार," ते म्हणाले. मी म्हटलं, "कुलूप?" "बाहेरून. दुसरं काय करू. ती खाली उतरून जाते. आज लावून आलोय. ती आतून दार वाजवत असेल." ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मला त्यांची किळस आली. माणूस घरात कोंडून हा इथे विनोद करतोय. आणि त्याच वेळी माझ्या मनाने दुसरंच काहीतरी बघितलं. मी बघितलं की मी वन्संच्या खोलीला बाहेरून कडी लावते आहे आणि जिना उतरते आहे, हातात काही नाही, पिशवीसुद्धा नाही, आणि वर नळीची शिट्टी वाजते आहे आणि मी रस्ता ओलांडते आहे. हे मी प्रथमच बघितलं असंही नाही.

वन्सं वजनमापाच्या खात्यात होत्या. दुकानात जाऊन वजनं तपासायची, तराजूचा काटा बघायचा, खोट सापडली की दंड. दुकानदार त्यांना बघून खुर्ची पुढे करायचे, त्या बसायच्या नाहीत. घरातही त्यांचं खातं सुरूच असायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मी आणलेली भाजी त्या हातावर तोलायच्या आणि म्हणायच्या, "फसवलं तुला." माझ्या नवऱ्याला, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाला, त्यात गंमत वाटायची. तो भला माणूस होता, भांडणात दोन्हीकडे मान डोलवायचा. तो गेल्यावर सगळ्यांना वाटलं मी माहेरी जाईन. वन्सं म्हणाल्या, "जायचं तर जा. चाव्या खिळ्याला लाव." मी गेले नाही, कारण माहेरी जागा नव्हती. प्रेमाने राहिले नाही. हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण लोक सेवा म्हणतात. शेजारच्या बाई म्हणतात, "केवढी सेवा करता हो, पुण्य लागेल." मी हसते. सेवा करताना माणसाला काय वाटतं ते त्यांना ठाऊक नाही. यंत्राची बारीक नळी वन्संच्या गळ्यात घालून कफ ओढताना त्यांचे डोळे मोठे होतात, श्वास थांबतो, आणि त्यांचा डावा हात माझं मनगट धरतो. उजवी बाजू पुढे अर्धांगाने गेली, डावाच उरला आहे, पण पकड अशी की वळ उठावा. तेवढ्या क्षणी ती बाई पूर्ण माझ्या हातात असते आणि आम्हा दोघींना ते माहीत असतं. मी नळी वेळेवर बाहेर काढते. दर वेळी वेळेवर. त्या मला दर वेळी बघतात, काट्याकडे बघावं तसं.

"बाई," बसवाले म्हणाले, "उद्या सकाळी तासभर बसाल का आमच्याकडे? आत जाऊ नका. बाहेरच्या खोलीत, मास्क लावून. तिने दार वाजवलं की नुसतं म्हणायचं, आहे मी इथे. तेवढ्यावर ती थांबते. थोड्या वेळाने पुन्हा वाजवते, पुन्हा म्हणायचं. माझाच आवाज लागतो असं नाही, कुणाचाही चालतो. कुलूप असलं तर मात्र ओरडत राहते, मग घसा धरतो." मी म्हणाले, "शेजारी नाहीत का?" "शेजारी आहेत," ते म्हणाले. हॉलमधला पंखा कुरकुरत होता. ते वाट बघत होते. मला त्यांचा राग आला, कारण त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं होतं की ही नाही म्हणणार नाही. आयुष्यभर लोकांनी माझ्यात तेवढंच ओळखलं आहे. मी म्हणाले, "येईन." ते म्हणाले, "नक्की? उगाच तोंडदेखलं नको. मी कुलूप न लावता निघेन मग." "नक्की," मी म्हणाले. त्यांनी पत्ता सांगितला, आमच्याच वस्तीत, मागच्या गल्लीत, चाव्या करणाऱ्याच्या दुकानावर. फोन त्यांच्याकडे नव्हता. बायकोने पाण्यात टाकला होता.

घरी आले तेव्हा दोन तासांची बाई चपला घालून दारातच उभी होती. "उशीर केलात, काकू," म्हणाली आणि गेली. मी हात धुतले. वन्संना लसीचं सगळं सांगितलं. उगाच लपवण्यात अर्थ नव्हता, त्या माझा चेहराच वाचतात. त्यांच्या छातीवर पाटी असते आणि डाव्या हाताला बांधलेली पेन्सिल. सूज म्हणून मी काय सांगितलं ते ऐकताना त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं कफ अडकला. पण त्या हसत होत्या. नळीतून हवेचे सटके बाहेर पडत होते, शिट्टीसारखे, लांबलचक, आणि डोळ्यांतून पाणी. मी त्यांना असं हसताना त्यांच्याजवळ कंठ होता तेव्हाही पाहिलं नव्हतं. पाटीवर लिहिलं, "वेडी." मग पुसून, "माझं तुझं एकच?" मग तेही पुसून, बराच वेळ थांबून, "आता?" आणि हसू गेलं. आता काय ते त्यांनाही माहीत होतं. गल्लीच्या तोंडाशी त्याच आठवड्यात एका घराला साथीचा रुग्ण निघाला म्हणून पट्टी लावली होती आणि दूधवाला येईनासा झाला होता. मी आजारी पडले तर घरात दुसरं कुणी नाही, आणि मी आजारी पडले हे मला कळायच्या आधी त्यांना कळेल, त्यांच्या नळीत. मी रुग्णालयाला फोन लावला. बऱ्याच वेळाने एका बाईने उचलला आणि एका दमात म्हणाली, "ॲलर्जी विभाग आठवड्यातून एकदाच, उद्या सकाळी आहे, लवकर या. नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात." मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात नक्की असेल ना?" ती म्हणाली, "डॉक्टरांना साथीच्या वॉर्डात टाकलं नाही तर असेल. मी शब्द देत नाही." तिचं बरं होतं. ती शब्द देत नव्हती.

दोन तासांची बाई सकाळी दोनच तास देते, पुढे तिला दुसरं घर आहे. त्या दोन तासांत मी एका ठिकाणी जाऊ शकत होते. संध्याकाळभर मी वन्संचं सगळं केलं, कूस बदलली, नळी साफ केली, पाय चेपले, आणि मनात त्या बसवाल्याला शिव्या घातल्या. त्याचा माझ्यावर काय हक्क. एका खुर्चीच्या अंतरावरचा माणूस. त्याची बायको आज कुलपात राहिली, उद्याही राहील, ती मरत नाही त्याने. घसा बसेल. इथे गळ्याला भोक आहे. हा हिशेब लहान पोरालाही कळेल. मी स्वतःला हे इतक्या वेळा सांगितलं की त्यातलं सगळं खरं असूनही ते मला खोटं वाटायला लागलं, साहेबांना मी वाटले तसं. आणि त्याखाली आणखी काहीतरी होतं, ज्याच्याकडे मी बघत नव्हते. मी त्या बंद दाराबाहेर बसलेली मला दिसत होते. खुर्चीत. हात मांडीवर. आत कोण आहे ते माहीत नाही, तिची जन्मतारीख माहीत नाही, तिला काय चालतं काय चालत नाही माहीत नाही, नुसतं म्हणायचं, आहे मी इथे. आणि तिला तेवढं पुरतं. ते चित्र मला सुखाचं वाटलं, आणि सुखाचं वाटलं याचा मला धक्का बसला.

सकाळी दिवा लावला. नेम सुचेना. ज्योतीकडे बघत बसले, वात सरळ केली, तरी काही येईना. मनात होतं ते देवापुढे ठेवण्यासारखं नव्हतं. शेवटी नेमाशिवायच उठले, लग्न झाल्यापासून प्रथमच. वन्संचा कफ काढला, तोंड पुसलं. दोन तासांची बाई आली, चपला काढता काढता म्हणाली, "काकू, रुग्णालयात ना? मग निघा बाई, तिथे रांग असते. आणि मला कालच्यासारखं लटकवू नका." मी म्हणाले, "रुग्णालयात नाही." ती थबकली. वन्संनी मान वळवली. मी त्या दोघींना बसवाल्याचं सांगितलं, कुलपाचं, बाहेरच्या खोलीचं. आवाज माझा नेहमीचाच होता, हळू. दोन तासांची बाई म्हणाली, "अहो, तुम्हाला कळतंय का काय करताय? इकडे ह्यांची ही अवस्था, आणि कोण कुठली ती म्हातारी." मी म्हणाले, "कळतंय." ती म्हणाली, "मी गेले असते, मला लस आहे. पण मग ह्यांच्यापाशी तुम्ही, आणि तुमचं रुग्णालय तसंच राहिलं. एकूण एकच." हे मीही मनात करून पाहिलं होतं. एकच होतं. फक्त त्यात मी घरात राहत होते.

वन्संची पेन्सिल चालायला लागली. डाव्या हाताची मोठी, वाकडी अक्षरं. "तो कोण तुझा?" मी वाचलं. कचेरीच्या खिडकीतून हाच प्रश्न आला होता, तेव्हा मला उत्तर होतं आणि ते कुणाच्या कामाचं नव्हतं. मी म्हणाले, "कुणी नाही." त्यांनी तळव्याने पुसलं आणि पुन्हा लिहिलं. या वेळी हळू लिहिलं, दाबून, पेन्सिल कुरकुरली. "माझं काय?" इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरज पडली नव्हती, त्यांचं काय हे सोडून त्या घरात दुसरं काही नव्हतंच. मी त्या अक्षरांकडे बघितलं आणि मला दया आली नाही. जे आलं ते वाईट होतं, थंड आणि नेमकं, आणि त्याने माझी पाठ ताठ झाली. मी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात, वन्सं." माझ्या आवाजात साखर नव्हती. त्यांनी ते ऐकलं, आणि आवाजाचं वजन त्यांच्याइतकं कुणाला कळणार. त्यांचे डोळे माझ्यावर थांबले, बराच वेळ. मी थांबले. त्यांनी कधी कुणाचं खोटं माप सोडलं नव्हतं, माझंही सोडणार नव्हत्या, मी चांगुलपणाने निघाले नाही हे त्यांना दिसत होतं, अर्धी त्या म्हातारीसाठी आणि अर्धी त्यांच्यावरच्या रागाने, हेही. पेन्सिल पाटीला टेकली. पण त्यांनी काही लिहिलं नाही. डावा हात उचलून त्यांनी स्वतःच्या नाकाकडे नेला, ज्यातून त्यांचा श्वास आता जात नाही, आणि दोन बोटांनी चिमटा घेतला, मास्क वर ओढ, म्हणून.

मी मास्क वर ओढला. दोन तासांच्या बाईला म्हटलं, "यंत्राचं बटण जरा अडतं, दोनदा दाबा." ती म्हणाली, "माहीत आहे मला." तिची नाराजी जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत माझ्या पाठीवर होती, मग गेली. खाली रस्ता रिकामा होता, दुकानं अर्धी मिटलेली, एका गॅलरीत कुणी कपडे झटकत होतं. उजवीकडे थांबा होता, रुग्णालयाची बस तिथून सुटते. ती उभीही होती, दार उघडं, आत तुरळक माणसं लांब लांब बसलेली. चालकाने माझ्याकडे पाहिलं. रोज पिशवी घेऊन धावणारी बाई त्याच्या ओळखीची असावी, कारण त्याने गाडी सोडली नाही. वर आमच्या खिडकीतून यंत्राची घरघर ऐकू आली, सुरू झाली, थांबली. वेळेवर थांबली. मी चालकाला हाताने नाही म्हटलं. त्याला कळलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं. मग मी मागच्या गल्लीकडे वळले, आणि तिथे दार वाजण्याआधी पोचायचं म्हणून पाय उचलला.